विंडोजवर कोणता प्रोग्राम गुपचूप नेटवर जातो आणि त्याला आवरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज ११ चा लॅपटॉप, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, रोजचा दीड जीबी. लॅपटॉप नुसता चालू ठेवला तरी दुपारपर्यंत डेटा संपल्याचा मेसेज येतो. नेटस्टॅट (चालू कनेक्शन्सची यादी दाखवणारी विंडोजची कमांड) चालवून पाहिलं तर भलीमोठी यादी आली आणि त्यातले पत्ते सिंगापूर, अमेरिका असे निघाले. कोण कुठे जातंय ते कसं ओळखायचं, गरजेपुरतंच बाहेर सोडायचं तर काय करायचं आणि मुलीच्या मॅकबुकवर हे जमेल का?

आधी डेटाचं उरकून टाकू, कारण त्याला फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी कनेक्शन्स अडवणारा पहारेकरी, लागतच नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, मग डेटा युसेज. गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रामने किती डेटा खाल्ला याची यादी तिथे मिळते. वरचे मानकरी बहुतेक घरांत तेच असतात: ब्राउझर, विंडोजची स्वतःची अपडेट्स, फोटो-फाइल्स क्लाउडवर चढवणारं काहीतरी आणि घरात मुलं असतील तर एखादा गेम लाँचर. यादी पाहून झाली की हॉटस्पॉटच्या वाय-फाय प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग विंडोज बहुतेक अपडेट्स आपणहून उतरवत नाही, वनड्राइव्ह सिंक थांबवून ठेवतो. अपडेट सेटिंग्जमध्येच 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तेही बंद करा. त्यात उतरवलेल्या अपडेटचे तुकडे दुसऱ्यांच्या संगणकांना पुरवायची सोय असते, आणि ती इंटरनेटवरच्या परक्या संगणकांसाठी चालू राहिली असेल तर तुमच्या दीड जीबीतून समाजसेवा चाललेली असते.

डेटा बुधवारीच जास्त संपतो असं कधी जाणवलंय का? मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तिकडच्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी १० ला सुटतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र, साडेदहा किंवा साडेअकरा. म्हणजे बुधवारी सकाळी लॅपटॉप उघडला की तो त्यांच्यामागे लागतो. मीटर्ड करून ठेवलंत तर आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी ब्रॉडबँडवर बसून ही अपडेट्स मुद्दाम उतरवून घ्या. डेटा वाचवायच्या नादात ती कायमची राहून गेली तर पुढचं सगळं लिहिणं फुकट आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी आता नेटस्टॅट.

कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि नेटस्टॅटपुढे डॅश देऊन ए, बी, एन, ओ ही चार अक्षरं जोडा. 'बी'मुळे प्रोग्रामचं नाव दिसतं, 'ओ'मुळे प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, नंबर. ॲडमिन नसाल तर 'बी' चालत नाही. आता एक ओळ वाचू. टीसीपी, मग १९२.१६८.४३.१५:५१८२२, मग २०३.०.११३.२५:४४३, मग एस्टॅब्लिश्ड, शेवटी ४३१२. (बाहेरचा पत्ता नमुन्याचा आहे.) पहिला पत्ता तुमच्या लॅपटॉपचा, हॉटस्पॉटने दिलेला. त्यापुढचं ५१८२२ हे त्या वेळेपुरतं घेतलेलं पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या अनेक दारांपैकी एकाचा नंबर), त्यात काही अर्थ शोधू नका. दुसरा पत्ता समोरच्या सर्व्हरचा, ४४३ म्हणजे एन्क्रिप्टेड वेब. टीसीपी ही डेटा पाठवायची पद्धत, एस्टॅब्लिश्ड म्हणजे जोडणी चालू आहे. ४३१२ हा प्रोसेसचा नंबर, आणि अख्ख्या ओळीत सर्वांत कामाचा तोच.

यादी लांबलचक दिसते, पण त्यातल्या कितीतरी ओळी बाहेर जातच नाहीत. १२७.०.०.१ असलेल्या ओळी म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतोय. जीएसटी किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर डिजिटल सही करायला एमसाइनर टाकलेला असेल तर ब्राउझर आणि तो असेच आतल्या आत बोलतात. 'लिसनिंग' म्हणजे कुणी येईल म्हणून दार उघडं ठेवून बसलेला प्रोग्राम. तो येणाऱ्या कनेक्शनचा विषय, आज तो नाही. 'टाइम वेट'च्या ओळींत प्रोसेस नंबर शून्य दिसतो आणि लोक घाबरतात की हा कुठला अदृश्य प्रोग्राम. ते नुकतंच बंद झालेलं कनेक्शन आहे, थोड्या वेळात आपोआप जातं. १९२.१६८ ने सुरू होणारा समोरचा पत्ता म्हणजे घरातलाच प्रिंटर, टीव्ही किंवा हॉटस्पॉट देणारा फोन. हे सगळं वगळलं की हातात मोजक्या ओळी उरतात.

उलट काही कनेक्शन्स नेटस्टॅटमध्ये नीट दिसतच नाहीत. यूट्यूबसारख्या साइट्स क्रोममध्ये आता क्विक या प्रोटोकॉलवर चालतात. २०२१ मध्ये तो प्रमाणित झाला आणि तो टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतो. यूडीपीच्या ओळीत नेटस्टॅट समोरच्या पत्त्याच्या जागी नुसत्या चांदण्या दाखवतो. व्हिडिओ जोरात चाललाय, डेटा जातोय आणि यादीत काहीच नाही असं वाटतं ते यामुळे. अशा वेळी स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा आणि त्याच्या नेटवर्क टॅबमधला 'नेटवर्क ॲक्टिव्हिटी' भाग उघडा. कोणती प्रोसेस सेकंदाला किती बाइट पाठवते आणि घेते हे तिथे यूडीपी धरून दिसतं. चालू हालचाल बघत बसायची असेल तर सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं टीसीपीव्ह्यू उतरवून घ्या. फुकट आहे आणि २००६ पासून मायक्रोसॉफ्टचंच आहे. नवं कनेक्शन हिरवं, बदललेलं पिवळं, तुटलेलं लाल. सगळे प्रोग्राम बंद करून हे दहा मिनिटं समोर ठेवलंत तर लॅपटॉपची बरीच ओळख होते.

आता सिंगापूर-अमेरिकेचं. पत्त्याचा देश शोधत बसण्यात वेळ घालवू नका. आयपी पत्ता कुठल्या कंपनीच्या नावे कुठे नोंदलाय आणि सर्व्हर प्रत्यक्षात कुठे आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात आज निम्मं जग अकामाई, क्लाउडफ्लेअर, ॲमेझॉन असल्या मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर बसलंय. क्लाउडफ्लेअरच्या एकाच पत्त्यामागे बँकेची साइट, पाककृतींचा ब्लॉग आणि एखादी फसवणुकीची साइट असं सगळं असू शकतं. तो पत्ता ब्लॉक केला तर तिन्ही जातात, आणि फसवणारा दुसऱ्या दिवशी पत्ता बदलून मोकळा होतो. पोर्टचंही तेच. पूर्वी पोर्टवरून कामाचा अंदाज यायचा, आता चांगला-वाईट जवळजवळ सगळा माल ४४३ वरूनच जातो.

म्हणून 'कुठे जातोय' यापेक्षा 'कोण जातोय आणि त्याचं काम करायला त्याला नेट लागतं का' एवढंच विचारायचं. घरच्या संगणकावर याहून मोठा प्रश्न सहसा नसतो.

२०१७ मध्ये सीक्लीनरचं जे झालं त्यावरून हे नीट कळतं. संगणकातला कचरा साफ करणारं हे नावाजलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या ५.३३ या आवृत्तीत, कंपनीत सॉफ्टवेअर जिथे तयार होतं त्या बिल्ड यंत्रणेतच घुसून, कुणीतरी आपला कोड मिसळला. ऑगस्टच्या मध्यापासून ती आवृत्ती अधिकृत साइटवरून, कंपनीच्या खऱ्याखुऱ्या डिजिटल सहीसकट (फाइल कंपनीचीच आहे याची खूण) वाटली गेली. कंपनीच्याच आकड्यानुसार सुमारे २२.७ लाख संगणकांवर ती पोचली. संगणकाचं नाव, त्यावरच्या सॉफ्टवेअरची आणि चालू प्रोसेसची यादी अशी माहिती ती बाहेर पाठवत होती. सप्टेंबरात उघड झालं तेव्हा कळलं की शिकार मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांची होती, बाकीचे लाखो लोक जाळ्यात आपसूक आलेले. सही खरी, साइट खरी, फाइल खरी, त्यामुळे नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नव्हतं. पण डिस्कवरचा कचरा झाडायला इंटरनेट कशाला हवं, एवढं विचारून ज्यांनी त्याला बाहेर जायची बंदी केली होती त्यांची माहिती त्यांच्याकडेच राहिली.

तर 'कोण' हे नीट ओळखायचं कसं? नावावर जाऊ नका, नाव कुणीही घेतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये तो ४३१२ नंबर शोधा, राइट क्लिक, 'ओपन फाइल लोकेशन'. उदाहरणार्थ, एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमधूनच चालतो. त्याच नावाची फाइल ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल तर तो बहुरूपी आहे. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही पाहा. याहून खोलात जायचं असेल तर सिसइंटर्नल्सचंच प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. कुणाला कुणी जन्म दिला हे त्यात झाडासारखं दिसतं, आणि हव्या त्या प्रोसेसची व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर तपासणीही करता येते.

एसव्हीसीहोस्टचं एक वेगळं आहे. तो स्वतः कुणी नाही, विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारं कवच आहे. टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये नंबर जुळवला की आत कोण बसलंय ते कळतं: विंडोज अपडेट, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, डीएनएस क्लायंट (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा), की डायगट्रॅक म्हणजे मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती पाठवणारी टेलिमेट्री. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या एसव्हीसीहोस्टमध्ये चालतात, त्यामुळे हे आता सोपं झालंय. पण या फाइलला सरसकट ब्लॉक करायचा मोह टाळा. डीएनएस आणि हॉटस्पॉटकडून पत्ता घेणं दोन्ही त्यातूनच होतं, ते गेलं की नेटच गेलं.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून जाणारेही असतात. विंडोजमध्ये बिट्स नावाची सर्व्हिस आहे, कुठलाही प्रोग्राम तिला 'हे उतरवून दे' सांगू शकतो. मग कनेक्शन एसव्हीसीहोस्टच्या नावावर दिसतं, मागणारा दिसत नाही. विंडोज ११ वर याहून जास्त गोंधळ वेबव्ह्यू२ चा. आजकालची अनेक ॲप्स, नवं आउटलुक, टीम्स, विजेट्स, ही आतून एजच्या इंजिनावर चालतात. तुम्ही ॲपची फाइल ब्लॉक करता आणि ॲप हसत-खेळत चालू राहतं, कारण नेटवर जाणारी प्रोसेस ॲपची नसून 'एमएसएज-वेबव्ह्यू२' ही असते आणि तिची फाइल अनेक ॲप्सना मिळून एकच असते. कुठल्या ॲपची वेबव्ह्यू ते प्रोसेस एक्सप्लोररच्या झाडात दिसतं. पण साध्या फायरवॉल रूलने एकट्या त्या ॲपला अडवता येत नाही. तिथे ॲपच काढून टाकणं हा प्रामाणिक उपाय आहे.

आता अडवणं. विंडोजची फायरवॉल एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, २००४ मध्ये, आपणहून चालू यायला लागली, पण तेव्हा ती फक्त येणारं अडवायची. जाणारं अडवायची सोय व्हिस्टापासून आली. त्याआधी ज्यांना हे हवं असे ते झोनअलार्म टाकायचे. मात्र व्हिस्टापासून आजपर्यंत मूळ ठेवण तीच आहे: येणारं बंद, जाणारं सगळं मोकळं. आणि एखादं जाणारं कनेक्शन अडवलं तरी विंडोज तुम्हाला काही सांगत नाही. 'परवानगी द्यायची का' म्हणून जो पॉपअप कधीमधी येतो तो येणाऱ्या कनेक्शनचा असतो.

रूल करायला स्टार्टमध्ये 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा. आउटबाउंड (म्हणजे जाणाऱ्याचे) रूल्स, न्यू रूल, प्रोग्राम, फाइलचा रस्ता, ब्लॉक, नेटवर्कची तिन्ही प्रोफाइल्स (डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक) टिकलेली ठेवा, नाव द्या. नाव देवनागरीत द्या असं मी सगळ्यांना सांगतो. आधीपासूनचे ढीगभर रूल इंग्रजीत असतात, नावाप्रमाणे लावले की तुमचे एका जागी सापडतात. अलाऊ आणि ब्लॉक एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर ब्लॉक जिंकतो. हे बरं आहे, कारण इन्स्टॉल होताना कितीतरी प्रोग्राम स्वतःसाठी अलाऊ रूल गुपचूप टाकून ठेवतात.

यातली खाचखळग्याची जागा म्हणजे फाइलचा रस्ता. रूल त्या रस्त्याला बांधलेला असतो. काही चॅट ॲप्स वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात आणि दर अपडेटला आवृत्तीच्या नंबरचं नवं फोल्डर करतात. तुमचा रूल जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतो, ॲप नव्यातून चालतं, आणि तुम्हाला वाटतं अडवलंय. 'यातलं कुठलंही फोल्डर' असं चांदणी टाकून लिहिता येत नाही. शिवाय बाहेर जाणारी फाइल मुख्य प्रोग्राम असेलच असं नाही. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईची फाइल वेगळी, 'ग्राहक अनुभव सुधारण्या'च्या नावाखाली बाहेर बोलणारी वेगळी, अपडेट शोधणारी तिसरीच. टीसीपीव्ह्यूमध्ये जी प्रत्यक्ष दिसली तिच्यावरच रूल लावा.

मी कुणाच्याही घरच्या विंडोजवर जे ब्लॉक हमखास टाकून देतो ते कुठल्या विकतच्या सॉफ्टवेअरवर नसतात, स्क्रिप्ट आणि कमांड चालवणाऱ्या विंडोजच्या स्वतःच्या काही फाइल्सवर असतात: एमएसएचटीए, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट, रेगएसव्हीआर३२ आणि, तुम्ही स्वतः त्यात काम करत नसाल तर, पॉवरशेल. आजचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, स्वतः नेटवर जाण्याऐवजी याच सह्या असलेल्या, विश्वासातल्या फाइल्सना कामाला लावतं. हल्ली एक फसवणूक फार चाललीय. साइट म्हणते 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा', आणि विंडोज व आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर दाबायला लावते. त्या क्षणी क्लिपबोर्डवर तिने आधीच ठेवलेली कमांड चालते, आणि ती बहुतेक वेळा एमएसएचटीए किंवा पॉवरशेलला बाहेरून काहीतरी आणायला पाठवते. या फाइल्सना बाहेरची बंदी असेल तर तो डाव बऱ्याचदा तिथेच फसतो. कर्ल (नेटवरून फाइल आणणारी कमांड) किंवा दुसरी वाट वापरली तर फसत नाही, म्हणून यालाच संरक्षण समजून बसू नका. रूल टाकताना एक लक्षात ठेवा: यातल्या बहुतेकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक सिस्टिम३२ मध्ये, दुसरी सिसडब्ल्यूओडब्ल्यू६४ मध्ये. एकीलाच अडवलं तर दुसरी मोकळी राहते.

याच्या पुढची पायरी म्हणजे सगळंच बंद आणि हवं तेवढं चालू. फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक प्रोफाइलला 'आउटबाउंड कनेक्शन्स: ब्लॉक' करता येतं. डीएनएस आणि डीएचसीपीचे (हॉटस्पॉटकडून पत्ता घेण्याचे) अलाऊ रूल आधीपासून असतात, त्यामुळे जोडणी तुटत नाही, पण ब्राउझरपासून सगळं एकेक करून मोकळं करावं लागतं. विंडोज स्वतः विचारत नसल्याने नुसत्या फायरवॉलवर हा प्रयोग म्हणजे अंधारात चाचपडणं. तो करायचा तर सोबतीला एखादं साधन घ्या. सिम्पलवॉल लहान आहे, मुक्तस्रोत आहे, नवा प्रोग्राम बाहेर जाऊ लागला की विचारतं. ते विंडोज फायरवॉलचे रूल वापरत नाही, खालच्या फिल्टरिंग थराशी थेट बोलतं. म्हणून काढून टाकण्याआधी त्यातलं 'डिसेबल फिल्टर्स' दाबायलाच हवं, नाहीतर प्रोग्राम गेला तरी बंदी मागे राहते आणि नेट का चालत नाही ते कळत नाही. पॉपअपचा वैताग असेल तर टायनीवॉल: ते विचारत नाही, सगळं अडवतं, आणि हवा तो प्रोग्राम तुम्ही दाखवून मोकळा करायचा. पोर्टमास्टरही मुक्तस्रोत आहे. ते डीएनएसही स्वतःच्या हातात घेतं, त्यामुळे कोणत्या प्रोग्रामने कोणत्या डोमेनचं नाव विचारलं ते दिसतं. 'कुठे' ही माहिती थोडीफार उपयोगाची होते ती अशी नावासकट मिळाली तरच.

माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्याने हे सगळं-बंद प्रकरण लगेच करू नये. घरात तीन माणसं एकच लॅपटॉप वापरत असतील तर चौथ्या पॉपअपला कुणीतरी न वाचता 'अलाऊ' दाबतं, आणि तिथून पुढे तो नुसता सोपस्कार उरतो. आधी आठवडाभर फक्त पाहा. मग ज्यांना नेट लागायचं कारण नाही अशांना अडवा: पीडीएफ रीडर, व्हिडिओ प्लेअर, झिप उघडणारं, प्रिंटरचा मदतनीस, लॅपटॉप कंपनीने भरून दिलेली दोन-चार ॲप्स. इतक्याने बरंच शांत होतं. त्यांची अपडेट्स मात्र मग तुम्हाला स्वतः घ्यावी लागतील, विशेषतः पीडीएफ रीडरची.

आपल्याकडे बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला आउटबाउंड रूल कुठला असतो ठाऊक आहे ना? चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला: 'ही फाइल फायरवॉलमध्ये ब्लॉक करा.' कंपनीला कळू नये म्हणून एक दार लावायचं आणि क्रॅक करणाऱ्या अनोळखी माणसाची फाइल ॲडमिन म्हणून चालवायची. तो रूल लावूनही आत आलेलं मालवेअर दुसऱ्या दाराने निवांत बाहेर जातं.

काही कनेक्शन्स संशयास्पद दिसतात पण त्यांना हात लावू नये. नेट चालू आहे की नाही हे कळायला विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द असलेली चिमुकली फाइल मागतं. ती अडवली तर नेट व्यवस्थित असूनही 'नो इंटरनेट' दिसतं आणि काही ॲप्स काम करायला नकार देतात. साइट आणि प्रोग्राम यांच्या ओळखीची प्रमाणपत्रं रद्द झालीत का हे पाहायला पोर्ट ८० वरून साधी, बिनएन्क्रिप्टेड कनेक्शन्स जातात. आजच्या काळात ८० दिसलं की शंका येते, पण ते तसंच असतं. यूडीपी १२३ म्हणजे घड्याळ जुळवणं. घड्याळ फार चुकलं तर बँकेची साइटही उघडत नाही.

होस्ट्स फाइलमध्ये (साइटची नावं आणि पत्ते लिहिलेली विंडोजची यादी) नावं टाकून अडवायचा जुना उपाय अजून सुचवला जातो. मी सुचवत नाही. २०२० पासून त्या फाइलमध्ये मायक्रोसॉफ्टचे टेलिमेट्रीचे पत्ते टाकले तर विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर त्यालाच धोका म्हणून दाखवतो. पाय-होल, म्हणजे घरभराच्या उपकरणांसाठी नको ती नावं अडवणारा डीएनएस सर्व्हर, चांगला, पण तो घरच्या राउटरमागे बसणाऱ्यांसाठी. तुमच्या हॉटस्पॉटवर त्याचा जमाखर्च जुळत नाही, शिवाय त्याला उपकरण कळतं, उपकरणातला प्रोग्राम कळत नाही.

अडवलेल्याची नोंद हवी असेल तर फायरवॉलच्या लॉगिंगमध्ये 'ड्रॉप्ड पॅकेट्स' चालू करता येतं. त्या फाइलमध्ये पत्ते आणि पोर्ट मिळतात, पण 'कोण' हे कळायला इव्हेंट व्ह्यूअर बरा. ऑडिटपोल कमांडने 'फिल्टरिंग प्लॅटफॉर्म कनेक्शन'चं फेल्युअर ऑडिट चालू केलं की सिक्युरिटी लॉगमध्ये ५१५७ नंबरच्या नोंदी येतात, प्रत्येकीत प्रोग्रामचा पूर्ण रस्ता. सक्सेस चालू करू नका. ५१५६ च्या नोंदींचा असा पूर येतो की हवं ते सापडत नाही.

मॅकबुकचं. मॅकमध्ये असलेली फायरवॉल फक्त येणारं अडवते, जाणाऱ्यासाठी वेगळं काही टाकावं लागतं. लिटल स्निच हे व्हिएन्नाच्या कंपनीचं, विकत, आणि या कामातलं सर्वांत घासूनपुसून झालेलं. लुलू हे पॅट्रिक वॉर्डल यांच्या ऑब्जेक्टिव्ह-सीचं, फुकट आणि मुक्तस्रोत. मुलीसाठी लुलू पुरे. फक्त हे समजून असा की अशी साधनं ऑपरेटिंग सिस्टिम दाखवेल तेवढंच पाहू शकतात. २०२० मध्ये मॅकची बिग सर ही आवृत्ती (११) आली तेव्हा ॲपलने स्वतःच्या पन्नासएक प्रोग्राम्सची कनेक्शन्स या फायरवॉल्सना दिसणारच नाहीत अशी यादी आत ठेवली होती. त्या सवलतीच्या आडून मालवेअरही निसटू शकतं हे वॉर्डल यांनी करून दाखवलं, बोंबाबोंब झाली आणि ११.२ मध्ये ती यादी काढली गेली. त्याच नोव्हेंबरच्या १२ तारखेला, बिग सर बाहेर पडलं त्या दिवशी, प्रमाणपत्रं तपासणारा ॲपलचा सर्व्हर अडखळला आणि जगभर लोकांच्या मॅकवर साधी ॲप्स उघडेनात. नेट तोडलं की मात्र लगेच उघडत. ॲप सुरू करताना आपला मॅक ॲपलला काहीतरी विचारतो हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पाहता पाहता खरंच भलतं काही सापडलं, म्हणजे ॲपडेटामधून चालणारी, सही नसलेली, बंद केली तरी परत उठणारी आणि सतत बाहेर जाणारी फाइल, तर रूल लिहीत बसू नका. ॲडमिन हक्क मिळालेलं मालवेअर तुमचे रूल पुसूही शकतं. नेट तोडा, बँक आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मालवेअर काढायची साधनं फुकट मिळतात, पण अशा मशीनवर मी फक्त कामाच्या फाइल्सचा बॅकअप घेतो आणि विंडोज नव्याने टाकतो. त्यानंतर रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं करा. फायरवॉलच्या रूल्सना हात लावायला मग पासवर्ड लागतो, तुम्हालाही आणि मालवेअरलाही.

सुरुवात करण्याआधी फायरवॉलच्या त्याच खिडकीत उजवीकडे 'एक्स्पोर्ट पॉलिसी' आहे, त्याने आत्ताची स्थिती एका फाइलमध्ये काढून ठेवा. पुढे काही अडलं तर 'इम्पोर्ट पॉलिसी'ने ती परत बसवता येते. शेजारचं 'रिस्टोअर डिफॉल्ट पॉलिसी' दाबू नका, त्याने तुमचे सगळे रूल पुसले जातात.